कोड नऊची माणसं

२ फेब्रुवारी, सोमवार

आज पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. सरावाच्या फॉर्मच्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हात थरथरत होते.’ आमच्या संशोधनाच्या प्रमुख मॅडमनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, “फॉर्ममध्ये जे भरशील ती माहिती. बाकीचं ते तुझं मन. मन लिहायचं असेल तर घरी वही ठेव, माझे कोपरे कोरे राहू देत.”

म्हणून ही वही.

काम असं आहे. फरशा घासण्याच्या कारखान्यात दोनशे बारा कामगार आहेत. धुळीने त्यांच्या फुप्फुसांवर काय परिणाम होतो ते तपासायचं. कारखान्याच्या जुन्या भांडारात आम्हाला एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक मशीन मांडून दिलंय. माणूस येतो, नाकाला क्लिप लावतो, पुठ्ठ्याची नळी तोंडात धरतो, छाती भरून श्वास घेतो आणि सहा सेकंद जोरात फुंकतो. असं तीन वेळा नीट जमलं पाहिजे. त्यासाठी जास्तीत जास्त आठ प्रयत्न. सुरुवातीलाच खोकला आला किंवा मध्येच दम सोडला तर तो प्रयत्न रद्द. तीन नीट झालेच नाहीत तर त्याच्या नावापुढे कोड नऊ, म्हणजे अग्राह्य, म्हणजे तो माणूस गणतीत नाही.

मला हे फार आवडलं. आमच्या घरात आजवरचे सगळे निर्णय ‘मला आपलं वाटतं’ यावर झालेत. इथे कुणाला काय वाटतं ते कुणी विचारत नाही.

तपासणारे आम्ही दोघं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी. उरलेले तीन दिवस भातेकाका. इस्पितळात तीस वर्षं हेच काम करून निवृत्त झालेत. दिवसभर लोकांना फुंकायला लावतात म्हणून लोहाराच्या भात्यावरून नाव पडलं. कामगाराने कुठल्या दिवशी यायचं ते त्याचं त्याने ठरवायचं.

घरी वहिनीने ओळखपत्र माझ्या गळ्यात घालून मला अख्ख्या चाळीतून फिरवलं. “वन्सं, उद्यापासून स्वयंपाकघरात यायचं तर कार्ड दाखवायचं.”

दादा याच कारखान्यात घासणी विभागात आहे, अकरा वर्षं झाली. म्हणाला, “तुझ्या मशीनला सांग, माझा वारा माझ्यापाशी बरा आहे.” भाग घेणं सक्तीचं नाही. तो आमच्या अभ्यासात नाहीच, तेव्हा मॅडमना सांगण्यासारखं काही नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

घसा बसला. “फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, अजून” असं दिवसभर ओरडायचं असतं. बारा जण झाले, एकही कोड नऊ नाही. मॅडम नुसत्या “हं” म्हणाल्या, पण त्यांचं “हं” म्हणजे पुष्कळ असतं.

घासणीतला एक जण सातव्या प्रयत्नाला डोळे फिरवून खुर्चीत मागे रेलला. मी पाणी दिलं, धीर दिला आणि आठवा करून घेतला. तिसरा नीट निघाला तो तेव्हाच. म्हटलं, “बघा, जमलं की नाही?” तो म्हणाला, “ताई, तुमच्यापेक्षा माझी सासू बरी.” मग बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसून होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज आकडे संगणकात भरताना हात थांबला. भातेकाकांचे तीन दिवस, पस्तीस माणसं, त्यात अकरा कोड नऊ. अकराच्या अकरा घासणीतले. माझे तीन दिवस, छत्तीस माणसं, कोड नऊ एक. आणि त्या एकाला कवळी होती, नळी धरताच येईना.

मशीन तेच, नियम तेच. मग?

त्यांचे फॉर्म नीट पाहिले. प्रयत्नांच्या रकान्यात तीन. दोन. चार. दोन. आठ कुठेच नाही. तीस वर्षांचा अनुभव आणि माणसाकडून आठ प्रयत्न करून घेता येत नाहीत?

घासणीत सगळ्यात जास्त धूळ. तीच माणसं गणतीतून गेली तर उरलेल्यांची सरासरी झकास येणार आणि कारखाना म्हणणार, बघा, आमच्याकडे सगळं ठीक. कुठेतरी पाणी मुरतंय. दुपारी मुकादम आणि भातेकाका गेटजवळ एका बाकावर चहा पीत होते. मला पाहिल्यावर मुकादम म्हणाला, “या ताई, नाकी नऊ आणलेत म्हणे तुम्ही पोरांच्या.” काका हसले. मी हसले नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दादाच्या छकुलीचा चौथा वाढदिवस. दरवर्षी दादा गाल फुगवून पन्नास फुगे फुगवतो आणि छकुली त्याच्या गालांवर बुक्के मारते. या वेळी त्याने बाजारातून पंप आणला. “आता जमाना पंपाचा.” उगाचच उधळपट्टी. छकुली रडली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

एक चिठ्ठी घ्यायला भांडारात गेले होते. बाहेर घासणीतले चौघे बसले होते. मला बघून एक जण उठून चालायलाच लागला. दुसऱ्याने विचारलं, “ताई, आज तुम्ही की भातेकाका?” मी म्हटलं, “काका.” तर तो त्या पहिल्याला हाक मारतो, “अरे ये परत, काकाच आहेत.”

म्हणजे ठरवून चाललंय. कुणाकडे जायचं ते यांना कुणीतरी सांगतंय. काल, माझ्या दिवशी, घासणीतले फक्त दोघं आले आणि दोघंही नवीन भरतीतले, विशीतले. धडाधड फुंकून गेले.

आजपासून या वहीच्या शेवटच्या पानावर मी वेगळी मोजदाद ठेवते आहे. कुणाला दाखवायची नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आता खात्री पटली. रद्द झालेल्या प्रयत्नांच्या चिठ्ठ्या मशीनमधून निघतात, त्या फाडून टोपलीत टाकायच्या असतात. मी टाकते. काका टाकत नाहीत. शुक्रवारी राहिलेली माझी उन्हाची छत्री आणायला शनिवारी गेले, तर ते एक चिठ्ठी खाकी पाकिटात सरकवत होते. पाकीट फुगलेलं. ते त्यांनी पिशवीत घातलं आणि वर डबा ठेवला.

“काका, हे कशाला?” मी विचारलं.

“म्हाताऱ्याला रद्दी जमवायची सवय असते, पोरी.”

रद्दीवर कुणी डबा ठेवून झाकत नाही. यादी हवी आहे ती मुकादमाला. कुणाची छाती गेली ते कळलं की एकेकाला गेटबाहेर काढता येतं, आणि अभ्यासात नोंद नाही म्हणून बोंब मारायलाही जागा नाही. एका दगडात दोन पक्षी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दादा विचारत होता, “गुरुवारी तू ऑफिसात असतेस ना? दिवसभर?”

“का?”

“काही नाही, सहज.”

दादा सहज काही विचारत नाही. परवाही विचारलं होतं की भातेकाका किती वाजता येतात, भांडाराला मागून दार आहे का, नावं कोण बघतं. मी म्हटलं होतं, नावं नसतात, नंबर असतात. “आणि नंबर कुणाचा ते कोण बघतं?”

आज मी रोखून पाहिलं तर नजर चुकवून जिना चढायला लागला. मधल्या पायरीवर थांबून मोबाईल काढला. हल्ली जिन्यात त्याला हमखास कुणाचातरी मेसेज येतो. मुकादमाचा असणार.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दादाशी भांडले. सरळ विचारलं, “मुकादमाने तुला आमच्यावर नजर ठेवायला सांगितलंय का?”

तो हातातला घास तसाच धरून बसला. मग म्हणाला, “तुला शिकवलं ते हे ऐकायला?”

“प्रश्नाचं उत्तर दे.”

“बाईसाहेब, फॉर्म आणा, सही करतो,” म्हणाला आणि ताटावरून उठला. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं काही चोरलंय. “वन्सं, अख्ख्या गावाचे श्वास मोजता. कधी घरातल्या माणसांकडेही बघत जा.”

तीही त्याच्याच बाजूची. हल्ली पाण्याचा कॅन ती एकटी वर आणते आणि दादा खाली उभा राहून बघतो. आळस चढलाय, मुकादमाची मर्जी आहे ना. झोपतोही दोन उशा पाठीला लावून, साहेबासारखा टेकून.

सख्ख्या भावाबद्दल हे लिहिताना बरं वाटत नाही. पण भाऊ आहे म्हणून कानाडोळा करायचा, तर माझ्या पदवीला काय अर्थ?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमना सांगितलं. शेवटच्या पानावरची मोजदाद दाखवली. माझे आठ दिवस, शहाण्णव माणसं, कोड नऊ दोन. काकांचे आठ दिवस, चौऱ्याण्णव माणसं, कोड नऊ तेहतीस, त्यातले एकतीस घासणीतले. चहा, मुकादम, पाकीट, सगळं सांगितलं. दादाचं तेवढं सांगितलं नाही.

मॅडमनी दोनदा वाचलं. “तुझा काय अंदाज?”

“अंदाज नाही मॅडम, आकडे आहेत.”

“आकडे बोलत नसतात, आपण त्यांच्या तोंडून बोलतो. सोमवारी त्यांना बोलावते. तू पण थांब. समोर बोलता येत असेल तरच आरोप कर.”

येईल बोलता.

२३ फेब्रुवारी, सोमवार

जसं झालं तसं लिहिते.

काका आले, पिशवी मांडीवर घेऊन बसले. मॅडमनी विचारलं, “पाकिटात काय आहे?” त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाकीट टेबलावर उलटं केलं. ढीगभर चिठ्ठ्या. प्रत्येकीच्या मागे त्यांच्या वळणदार अक्षरात दोन ओळी.

मॅडम वाचायला लागल्या. “दुसऱ्या वेळी खोकला लागला तो थांबेना. पाणी दिलं. घासणीत चौदा वर्षं.” “तिसऱ्या वेळी ओठ निळे. थांबवलं.” “श्वासच भरून घेता येत नाही, मग फुंकणार काय? नऊ वर्षं.”

“हे फॉर्ममध्ये का नाही?”

“कुठे लिहू? रकाना नाही. आणि कोपऱ्यात लिहायची तुमची बंदी.”

मॅडमनी चिठ्ठी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “पण दोन-तीन प्रयत्नांत का थांबवलंत? आठपर्यंत न्यायचं असतं.”

“ज्याला झेपतं त्याला न्यावं,” काका म्हणाले. आता मात्र ते माझ्याकडे वळले. “पोरी, तू काम मन लावून करतेस. पण तुझ्याकडे आठ वेळा फुंकल्याशिवाय सुटका नाही, हे त्या सातव्या फुंकेला डोळे फिरलेल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी शेडभर केलं. छाती धड आहे ते तुझ्याकडे येतात. ज्यांची गेलीय ते तुझा दिवस चुकवून माझ्याकडे येतात, मी सोडतो म्हणून. तुझे आकडे खोटे नाहीत आणि माझेही नाहीत. माणसंच वेगळी आहेत.”

मला काही बोलता येईना. म्हणून मी चिठ्ठ्या सारख्या करायला घेतल्या. काहीतरी करायचं म्हणून. एक वर आली, गेल्या गुरुवारच्या तारखेची. मागे लिहिलं होतं:

“वय चौतीस. घासणी, अकरा वर्षं. तिसऱ्या वेळी थांबवलं. मागच्या दाराने आला, मागच्या दाराने गेला. म्हणतो, धाकटी बहीण याच कामावर आहे, तिला कळू देऊ नका, ती फार खूश आहे नोकरीवर.”

मी ती चिठ्ठी पालथी ठेवली. काका खिडकीबाहेर बघत होते.

मॅडमनी विचारलं, “काय झालं?”

मी म्हटलं, “माझा भाऊ आहे.”

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमनी मला तपासणीवरून काढलं. नातेवाईक लपवला म्हणून. रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं.

मी म्हटलं, “मला काढा, पण ते तेहतीस जण धरा. न फुंकता येणं हाच तर परिणाम आहे ना? आपण आजारी माणसांनाच वगळून विचारतोय की कुणी आजारी आहे का.”

“बरोबर आहे तुझं,” मॅडम म्हणाल्या. “आता माझं ऐक. समज, उद्या कारखान्याचा वकील म्हणाला, हे सगळे आळशी आहेत, दोन वेळा फुंकलं आणि कंटाळले. तुझ्याकडे काय पुरावा आहे? एका दयाळू म्हाताऱ्याचं अक्षर. तो भला आहे हे मला माहीत आहे. पण भलेपणा मोजता येत नाही.”

“म्हणजे ते कुठेच नाहीत?”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि कोरा कागद ओढला. शेवटी ठरलं ते असं. बाहेरचा, कुणालाच न ओळखणारा तंत्रज्ञ बोलवायचा. इस्पितळात, शेजारी डॉक्टर बसवून. काकांच्या कोड नऊच्या प्रत्येकाला परत विचारायचं. जो येईल त्याने आठही प्रयत्न करायचे, प्रत्येक प्रयत्न का बिघडला ते लिहायचं. आठ वेळा करूनही जमलं नाही, तर ‘जमलं नाही’ ही माहिती धरायची, तिचा वेगळा तक्ता करायचा. मधेच सोडून गेला, तर पुन्हा कोड नऊ. डॉक्टरने थांबवलं तर तसं नोंदवायचं. वरच्या समितीची परवानगी मॅडम दोन दिवसांत आणणार.

काकांना हे पटलेलं नाही. “ज्यांना मी सोडलं त्यांनाच तुम्ही परत जुंपणार,” म्हणाले. पण घासणीत जाऊन लोकांशी बोलायला तेच तयार झाले. माझं तिथे कोण ऐकणार?

जाताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. “पाया नको पडू, चहा पाज. मुकादमाचा चहा पाणचट असतो.”

२५ फेब्रुवारी, बुधवार

घरी दोन दिवस कुणी त्या विषयावर बोललं नव्हतं. आज मीच दादाजवळ जाऊन बसले.

“काकांनी सांगितलं?” तो म्हणाला.

“नाही. मी वाचलं.”

“म्हातारा लिहून ठेवतो होय?” तो हसला आणि हसताना खोकला लागला. त्याने सवयीने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी मोजत बसले. ती सवय आता जायची नाही. वहिनीने पाणी आणून ठेवलं, तेही त्याने न मागता, खोकला थांबेल तेव्हा हाताशी येईल अशा बेताने. हे ती किती दिवस करत असेल?

“कधीपासून?” मी विचारलं.

“गेल्या थंडीपासून,” वहिनीने उत्तर दिलं. “तुमची परीक्षा होती, म्हणून ह्यांनी तोंडाला कुलूप लावलं. मग निकाल होता. मग नोकरी. वन्सं, तुमचं काहीतरी असतंच.”

मी पुन्हा तपासणीचं सांगितलं. दादाने शांतपणे ऐकून घेतलं.

“आणि मुकादमाला कळलं तर?”

“नावं कारखान्याला जात नाहीत.”

“घासणीतली एकतीस माणसं एकाच दिवशी इस्पितळात दिसल्यावर नाव कशाला लागतं?” तो म्हणाला, “आणि आठ वेळा. तिसऱ्यालाच माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते.”

“नको जाऊस मग.”

“नाही गेलो तर तुझ्या कागदावर मी काय?”

“कोड नऊ.”

“म्हणजे?”

“म्हणजे कुणी नाही.”

वहिनी म्हणाली, “कागदावर नसले तरी मला पुरतील. पण विचार त्यांचा त्यांनी करावा.”

मला तिने ‘जा’ म्हणावं असं वाटत होतं, आणि तिने तसं म्हटलं असतं तर मी तिच्याशी भांडले असते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

इस्पितळाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. तेहतीसपैकी सतरा जण आलेत. काका रांगेपाशी उभे राहून एकेकाचे चेहरे बघतायत. मी आत जायचं नाही, नातेवाईक म्हणून. फॉर्मला हातही लावायचा नाही.

दादा नऊ वाजता वहिनीबरोबर आला, रजा न टाकता. शर्ट इस्त्रीचा. नंबर पुकारला तेव्हा मला म्हणाला, “बाईसाहेब, तुम्ही बाहेर. आत शिकलेल्यांचं काम चाललंय.” दार लागलं.

दार पातळ आहे. पहिल्या फुंकेला लगेच खोकला. दुसरी थोडी चालली, मग खोकला. तिसरीनंतर डॉक्टरीणबाईंचा आवाज, “बसा, बसा, घाई नाही.” मला वाटलं, आता उठेल. वहिनीने माझा हात धरला होता आणि आम्ही दोघी दाराकडे बघत नव्हतो.

चौथी. पाचवी. पाचवीनंतर आतून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तंत्रज्ञाने अगदी हळू विचारलं, “थांबवायचं का? तसं लिहितो मी. कोणी काही म्हणणार नाही.”

दादाला बोलायला श्वास गोळा करावा लागला. दोन तुकड्यांत म्हणाला, “अजून तीन... आहेत ना? मग क्लिप लावा.”